थेरपीला नेलं की बाळ रडून आकांत करतं. चालू ठेवू की थांबवू?

शियाबागेची_सून

मंडळी, रात्रीचे पावणेबारा झालेत. आत्ता कुठे झोपलाय, म्हणून लिहायला बसले. वाक्यं पुढेमागे झाली तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा अकरा महिन्यांचा. बत्तिसाव्या आठवड्यात झाला, वजन 1 किलो 480 ग्रॅम, तेवीस दिवस पेटीत होता. डॉक्टर म्हणतात त्याचं वय मोजताना दोन महिने वजा करायचे, म्हणजे आमच्या हिशेबानं नऊ. मान धरतो, हसतो, माझा आवाज आला की खोलीभर नजर फिरवून मला शोधतो. पण बसत नाही. बसवला की भिजलेल्या गादीसारखा पुढे दुमडतो. आणि बगलेत धरून उभा केला की पाय एकदम काठीसारखे ताठ, टाचा वर, सगळा भार चवड्यांवर. सासरे कौतुकानं शेजाऱ्यांना दाखवायचे, बघा, आत्तापासून उभा राहतोय! मलाही कौतुकच वाटायचं. गेल्या महिन्यात बालरोगतज्ज्ञांनी तेच पाहिलं आणि त्यांचं बोलणं एकदम थांबलं.

मग तपासणी झाली. कागदावर 'डेव्हलपमेंटल डिले', म्हणजे वाढीच्या टप्प्यांत उशीर, असं लिहिलंय. दासी नावाची काहीतरी चाचणी केली, त्यात मोटर 62 आणि मेंटल 84. (सासूबाईंनी विचारलं, "कोण दासी?" एवढ्या काळजीतही मला हसू आलं.) या आकड्यांचा अर्थ कुणी नीट सांगितला नाही, फक्त "थेरपी सुरू करा" म्हणाले.

म्हणून आठवड्यातून तीनदा जुन्या पादरा रोडवर एका सेंटरला नेते. पोळीतून, म्हणजे आमच्या जुन्या बडोद्यातल्या अरुंद गल्लीतून, त्याला कडेवर घेऊन चालत बाहेर, मग रिक्षा, मग दोन जिने. तिथे 45 मिनिटं. पाचव्या मिनिटाला ओठ वाकडे होतात, दहाव्या मिनिटाला आकांत. तिथल्या ताई म्हणतात, रडू दे, रडल्यानं फुफ्फुसं मोकळी होतात, आईला बघून जास्त रडतो म्हणून तुम्ही बाहेर बसा. मी बाहेर बाकावर त्याचे मोजे हातात धरून बसते. समोर भिंतीवर घड्याळ आहे, त्याचा काटा आवाज करतो. तो काटा मला आता स्वप्नातही ऐकू येतो.

काल परत येताना रिक्षातच झोपला, पण झोपेतही हुंदके देत होता. सासूबाईंनी दारातूनच त्याला उचलला आणि म्हणाल्या, "उद्यापासून न्यायचं नाही. ह्याचा बाप दीड वर्षाचा होऊन चालला, काय बिघडलं त्याचं?" त्या वाईट नाहीत हो. रोज रात्री त्याच्या पायांना हळद-तेल लावताना त्यांचे डोळे भरलेले मी पाहते. हे मधल्या मधे. मला म्हणतात तू बरोबर आहेस, आईंना म्हणतात तुम्ही बरोबर आहात.

भरीला सुरतच्या आत्यांनी चाकांचा वॉकर पाठवलाय, निळा, वर गाणी वाजणारा. आणि मालिशवाली बाई म्हणते, मी पाय खेचून पंधरा दिवसांत सरळ करते.

मला एवढंच सांगा, हे रडणं सोसायचं असतं का? की मीच कच्ची पडतेय?

निवृत्त_रावपुरा

पोरी, घाबरून जाऊ नकोस. आमचा धाकटा अठरा महिन्यांचा होईपर्यंत जागचा हलत नव्हता. आज सेव-उसळ म्हटलं की एका दमात तीन जिने उतरतो. हल्ली प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव द्यायची रीत झाली आहे. आमच्या आईनं सात मुलं वाढवली, एकाचीही चाचणी केली नाही. तेल, सकाळचं कोवळं ऊन आणि आजीची मांडी. सासूबाईंचं ऐक. मूल इतकं रडतंय म्हणजे त्याला ते नको आहे, हे समजायला डॉक्टर कशाला हवा?

टूलरूमवाला

काका, तुमचा धाकटा उशिरा चालला हे खरंच असणार. एक विचारू? उभं धरल्यावर त्याच्या टाचा जमिनीला टेकत होत्या का? ताईंच्या लिहिण्यातला 'उशीर' मला तितका भिववत नाही. 'टाचा वर, पाय काठीसारखे' हे वाचून मात्र मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या चिमीचं हुबेहूब हेच होतं. आणि आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या.

ताई, मी डॉक्टर नाही. मकरपुरा जीआयडीसीत टूलरूमला आहे, जिग-फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर काम पक्कं धरून ठेवणारे साचे, बनवणं हे काम. मुलगी आता चार पूर्ण. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा झाल्यानं हालचालीत येणारा दोष; तिच्या दोन्ही पायांत ताठरपणा. रिव्हर्स वॉकर धरून बालवाडीच्या व्हरांड्यात इतक्या जोरात पळते की बाईंनी डायरीत 'पळू नये' असं लाल शाईनं लिहून पाठवलं. ते पान मी फाडून पाकिटात ठेवलंय.

तेव्हा आधी तुमच्या निळ्या वॉकरचं. तो आणि हा रिव्हर्स वॉकर, नाव एक पण वस्तू वेगळ्या. चिमीचा वॉकर तिच्या पाठीमागे असतो, भार तिच्या पायांवर असतो, थेरपिस्टनं माप घेऊन दिलेला. आत्यांच्या वॉकरमध्ये मूल झोळीत लटकतं आणि चवड्यांनी जमीन ढकलतं. म्हणजे जी सवय मोडायची तिचाच दिवसभर सराव. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे, कारण मुलं त्यात बसून जिन्यावरून खाली जायची. पोळीतल्या घरांचे जिने मला माहीत आहेत, शिडीच ती. आत्यांना दुखवू नका, गाण्यांचा तेवढा डबा काढून घ्या आणि बाकीचं माळ्यावर टाका.

आता रडण्याचं. आम्हीही बाहेर बसायचो. बायको बसायची, मी शिफ्टवर. एका सेंटरनं आमच्याकडून 36 सेशनचे पैसे आगाऊ घेतले होते, 'सहा महिन्यांत चालवून दाखवू' असं तोंडी सांगून. चिमीला पालथं घालायचे, पाय धरून वाकवायचे, सरळ करायचे, मोजायचे, एक ते वीस. ती किंचाळायची. एकदा मला सुट्टी होती म्हणून मी गेलो आणि दार ढकलून आत शिरलो. पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मी आयुष्यभर यंत्रं पाहिली आहेत, मला एकच गोष्ट दिसली: यात काम करतोय तो माणूस, माझी मुलगी नाही. तिचे पाय हलत होते, पण ती हलवत नव्हती. उलट जितकी रडत होती तितके पाय जास्त ताठ होत होते. पैसे परत मिळाले नाहीत, मागायची ताकदही नव्हती.

पुढे दुसऱ्या थेरपिस्ट बेन (इकडे ताईंना बेनच म्हणतात) मिळाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी चिमीला हातही लावला नाही. अर्धा तास आमच्याशीच बोलल्या: ही झोपते कशी, अंघोळ कोण घालतं, भरवताना कुठे बसवता, दिवसाचा जास्त वेळ कुठे असते. मग पर्समधून चमच्यांचा जुडगा काढून वाजवला आणि थोडा बाजूला ठेवला. चिमी वळली. बेन म्हणाल्या, "हे झालं आजचं पहिलं."

हिशेब करून बघा, मी कागदावर केला होता. तीन सेशन गुणिले 45, आठवड्याला 135 मिनिटं. मूल दिवसाचे दहा तास जागं धरलं तर आठवड्याला 70 तास. सव्वादोन तासांत कुणी जादू केली तरी उरलेल्या पावणेअडुसष्ट तासांत आपण त्याला कसं धरतो, कसं बसवतो यावरच सगळं ठरणार.

हे मला खरं पटलं 2024 च्या ऑगस्टात, विश्वामित्री नदीचा पूर आला तेव्हा. आम्ही समा भागात पहिल्या मजल्यावर राहतो. खाली छातीभर पाणी, वीज नाही, रस्त्यावर मगर निघाल्याच्या बातम्या. तळमजल्यावरचं कुटुंब आमच्याकडे वर आलं, आजी, नवरा-बायको आणि आठ वर्षांचा एक मुलगा. सेंटरातही पाणी शिरलेलं, ते पुढे तीन आठवडे बंदच. मला वाटलं, वर्षभराची मेहनत वाहून गेली.

त्या मुलाला करायला काही नव्हतं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या, त्या त्यानं रांगेत मांडल्या आणि चिमीला पाटावर बसवून पाडायला लावल्या. बाटल्या उजवीकडे, मग डावीकडे, मग थोड्या लांब. चिमी एक हात पाटावर टेकून दुसऱ्या हातानं ढकलायची, तोल जायचा, आजी मागे उशी सरकवायच्या. दिवसाला शंभर वेळा तरी झालं असेल. रडली नाही. जेवायला उठवली की तेव्हा रडायची. सेंटर उघडल्यावर बेननी तिला बसवून पाहिलं आणि विचारलं, "या मधल्या दिवसांत कुठे नेत होतात?"

एक वस्तू सांगतो जी तुम्हाला लगेच उपयोगी पडेल. कोपऱ्याची बैठक. 12 मिमी प्लायच्या दोन फळ्या काटकोनात, मूल त्या कोपऱ्यात जमिनीवर बसतं. फळ्या दोन्ही बाजूंनी खांद्यांच्या मागे येतात, त्यामुळे हात आपोआप पुढे मध्यावर येतात आणि खेळायला मोकळे होतात. मांड्यांच्या मधे एक गोल खुंटी, फोम गुंडाळलेली, म्हणजे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत नाहीत. समोर पाट. मोठी झाल्यावर तिला खुर्ची केली, त्यात माझी चूक झाली. बैठक खोल केली, आरामशीर वाटावी म्हणून. चिमी घसरून कमरेच्या मागच्या हाडावर टेकायची आणि पाठ कमानीसारखी व्हायची. बेननी तिच्या गुडघ्यामागे बोटं घालून दाखवलं, "इथे माझी दोन बोटं मावली पाहिजेत, आणि तळवा पूर्ण टेकला पाहिजे." मी मायक्रॉन मोजणारा माणूस, पण ते दोन बोटांचं माप मला कुणी शिकवलं नव्हतं. नंतर पायाच्या फळीला एकेक इंचावर भोकं पाडली, मुलगी वाढेल तसा बोल्ट खाली.

पण हेही लिहून ठेवा, बैठकीत एका वेळी वीस मिनिटंच. फळी धरून ठेवते तोवर मूल स्वतः तोल शिकत नाही. मग जमिनीवर, सतरंजीवर.

अजून एक. कुणीतरी नातेवाईक 'स्टेमसेल'च्या, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या, उपचाराचा पत्ता आणून देतीलच, आमच्याकडे दोघांनी दिला. आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताचे काही आजार सोडले तर बाकी सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. दागिने मोडू नका.

फिजिओ_फत्तेगंज

मी बालफिजिओथेरपिस्ट आहे, वीस वर्षं झाली. बाळाला न पाहता उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी न पाहताही सांगता येतात.

ताई, तुम्ही कच्च्या नाही. रडण्यानं फुफ्फुसं मोकळी होतात हे जन्मल्या क्षणाच्या रडण्याबद्दल खरं आहे, नऊ महिन्यांच्या बाळाबद्दल नाही. या वयाला अनोळखी माणसाची भीती वाटणं हे उलट समज वाढल्याचं लक्षण आहे. त्यात आईला बाहेर काढलं तर बाळ काय करेल? आईनं आत बसायचं, शक्यतो सुरुवात तिच्या मांडीवरच व्हायची. नवीन माणूस, गार तेलकट मॅट, झोपेची वेळ, रिकामं किंवा गच्च भरलेलं पोट, यातलं काय आहे ते आधी शोधा. झोपून उठल्यावरची, दूध पिऊन तासभर झालेली वेळ मागून घ्या. थोडी कुरकुर चालते, नवीन गोष्ट अवघड असतेच. पण रोज दहाव्या मिनिटाला आकांत म्हणजे त्या पस्तीस मिनिटांत काही शिकणं होत नाही. सेंटर आत बसू देत नसेल तर सेंटर बदला. थेरपी मात्र थांबवू नका. या दोन गोष्टी घरात एकच समजल्या जातायत आणि भांडण तिथेच आहे.

टूलरूमवाल्या दादांनी दार ढकलून जे पाहिलं ते आमच्या शास्त्रातही आता मान्य आहे. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा मोठा आढावा घेतला, हिरवा-पिवळा-लाल अशा सिग्नलच्या दिव्यांच्या रंगांत, हिरवा म्हणजे करा, लाल म्हणजे करू नका. हिरव्यात आले ते असे उपचार जिथे मूल स्वतः हालचाल करतं, खऱ्या कामासाठी, पुन्हा पुन्हा, घरच्या वातावरणात. नुसतं दुसऱ्यानं वाकवणं आणि ताणणं त्यात बसलं नाही.

आता दासी. सासूबाईंना सांगा, ही दासी आपल्या बडोद्याचीच आहे! महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या होम सायन्समध्ये प्रमिला फाटक यांनी बेली यांची परदेशी चाचणी घेऊन ती आपल्याकडच्या बाळांवर बेतली. 1970 मध्ये पहिली, 1997 मध्ये सुधारलेली. हालचालींचे 67 प्रश्न, समजेचे 163, अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी. आज देशभरातले बालरोगतज्ज्ञ ती वापरतात. शियाबागेपासून विद्यापीठ किती लांब ते तुम्हीच सांगा.

आकड्याचा अर्थ सोपा आहे. 100 म्हणजे वयानुसार. 70 च्या खाली गेलं की आम्ही त्याला उशीर म्हणतो. नऊ महिन्यांच्या हिशेबानं 62 म्हणजे हालचालीत बाळ साधारण साडेपाच महिन्यांच्या जागी आहे, आणि 84 म्हणजे समजेत साडेसात महिन्यांच्या. डोकं बरंच पुढे आहे, शरीर मागे. त्याला हवं ते कळतं पण हात-पाय पोचत नाहीत, चिडचिड त्याचीही असते. म्हणजे आज ध्येय चालणं नाहीच. साडेपाच-सहा महिन्यांचं बाळ पुढे दोन्ही हात टेकून, तिवईसारखं बसतं, ते आपलं ध्येय.

निवृत्त काकांच्या मुद्द्यात तथ्य आहे, मुलामुलांत फरक असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांवर केलेल्या अभ्यासात आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने आणि एकट्यानं चालणं 8.2 ते 17.6 महिने इतकं पसरलेलं होतं. काही मुलं तर रांगलीच नाहीत. पण तो झाला नुसता उशीर. ताठ पाय, वर टाचा, मुठी आवळलेल्या, एकच हात वापरणं, हे दिसलं की वाट बघायची नसते. नाव कळायचीही वाट बघायची नसते. पूर्वी सेरेब्रल पाल्सी म्हणायला दीड-दोन वर्षं थांबायचे. मेंदू सगळ्यात जास्त शिकतो तोच काळ त्यात जायचा.

बालरोगतज्ज्ञांना थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन बी-12 बद्दल नक्की विचारा. तुम्ही शाकाहारी असाल आणि बाळ बहुतांश अंगावर पीत असेल तर तुमचंही बी-12 तपासा. आईत कमी असेल तर दुधात कमी उतरतं, आणि त्यानं बाळ मंदावलेलं मी अनेकदा पाहिलंय. ते भरून निघू शकतं, म्हणून सोडायचं नाही. पेटीतलं बाळ आहे, डोळ्यांचा पडदा आणि कान तपासलेले आहेत ना?

घरात करायचं म्हणाल तर उभं करून नाचवणं बंद, आजोबांनीही. कडेवर मात्र भरपूर घ्या, पाय दोन्हीकडे फाकवून, आपल्या बायका घेतात तसंच. ताठ मांड्यांना यापेक्षा चांगला व्यायाम मी फी घेऊनही देऊ शकत नाही. जागेपणी पोटावर, छातीखाली गोधडीची गुंडाळी, समोर तुमचं तोंड. दोन मिनिटांपासून सुरू, दिवसातून बऱ्याच वेळा. मालिश मायेनं करा, सासूबाईंनाच करू द्या. पण पाय खेचून सरळ करणारीला नमस्कार करून वाटेला लावा. ताठरपणा मेंदूकडून येतो, पाय खेचून तो जात नाही, सांधा मात्र दुखावतो. वेळेआधी झालेल्या बाळांची हाडंही नाजूक असू शकतात.

पैशांचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर तपासणी-उपचार केंद्रं आहेत, सरकारी रुग्णालयात चौकशी करा, फी नसते. सयाजी रुग्णालयाला जोडून फिजिओथेरपीचं कॉलेजही आहे. पुढे सेरेब्रल पाल्सीचं निदान झालंच तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा विमा मिळतो. ते नंतर.

निवृत्त_रावपुरा

टाचा टेकत होत्या. मी काल घरी विचारून घेतलं, हिनं सांगितलं, टेकत होत्या. मी घाईनं बोललो. सूनबाई, नातवाला घेऊन जात जा. सासूबाईंनाही बरोबर घेऊन जा, घरी बसून जास्त काळजी वाटते.

शियाबागेची_सून

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, वेळच मिळाला नाही.

काका, तुमचं ऐकलं. सासूबाईंना बरोबर नेलं. जुन्या सेंटरला आत बसायचं विचारलं, "आमची पद्धत नाही" म्हणाले. मग दुसरीकडे गेलो. नवीन बेननी सासूबाईंनाच मॅटवर बसवलं, बाळ त्यांच्या मांडीत, आणि पाय फाकवून कसं धरायचं ते त्यांच्याच हातांनी करवून घेतलं. घरी येताना त्या रिक्षात मला म्हणाल्या, "हे तर आम्ही करायचोच की." आता घरात थेरपीच्या मुख्य अधिकारी त्याच आहेत. सासऱ्यांनी परवा सवयीनं त्याला उभा धरला तर स्वयंपाकघरातून ओरडल्या, "टाचा!"

माझं बी-12 फारच कमी निघालं. त्याचंही. दोघांची इंजेक्शनं सुरू आहेत. डॉक्टर म्हणाले ताठ पायांचं कारण हे नाही, त्यासाठी एमआरआय होईल पुढच्या आठवड्यात. पण आठ दिवसांतच त्याचे डोळे जास्त चमकतायत असं मला वाटतं, कदाचित आईचं मन असेल.

आणि आज सकाळची गोष्ट. लिल्या चिवड्याचा स्टीलचा डबा आहे आमच्याकडे, त्याचं झाकण त्याला फार आवडतं, त्यात स्वतःला बघतो. सासूबाईंनी त्याला सतरंजीवर बसवला, दोन्ही हात पुढे टेकवून, आणि झाकण समोर पाटावर उभं केलं. मग हळूच आपले हात काढले. मी कणीक मळत होते, ओट्यापाशीच थांबले. सासूबाई कुजबुजत मोजत होत्या, एक, दोन, तीन. सातला डुगडुगला. अकराला एक हात उचलून झाकणावर आपटला आणि मग बाजूला गोधडीवर कलंडला. रडला नाही. झाकणाकडेच बघत होता.

टूलरूमवाले दादा, ती कोपऱ्याची बैठक सुताराकडून करून घ्यायची आहे. मापं कशी घेऊ? आणि खुंटी किती जाड?

टूलरूमवाला

अकरा! चिमीचा पहिला आकडा चार होता.

सुताराकडे जाऊ नका, तो दिवाणखान्यातली वस्तू करून देईल आणि वर सनमायका लावेल. गुरुवारी माझी सुट्टी असते, 12 मिमीचे तुकडे शेडमध्ये पडलेत. मला फक्त चार मापं पाठवा: बसलेला असताना जमिनीपासून काखेपर्यंत उंची, खांद्याची रुंदी, कमरेच्या मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मांडीची लांबी, आणि बेन सांगतील तेवढे पाय फाकवल्यावर दोन गुडघ्यांमधलं अंतर. शेवटचं माप बेनसमोरच घ्या, जबरदस्तीनं फाकवून नाही. खुंटी त्या अंतरावरून ठरेल. टेप शिंप्याची घ्या, लोखंडी नको, गार लागते.